जेसिका फ्लेचरच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांसाठी

पारिजात:
'मर्डर, शी रोट' या अमेरिकन टीव्ही मालिकेबद्दल निशाचर यांनी लिहिलंय, "खून होतो, गप्पा होतात, खुनी सापडतो, मेलेल्याचं कुणालाच सोयरसुतक नाही." राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. मालिकेची नायिका जेसिका निवृत्त शिक्षिका, विधवा, रहस्यकथा लिहिणारी. हातात ना बिल्ला, ना बंदूक. पोलीस अपघात म्हणून प्रकरण मिटवायला निघतात, तेव्हा हीच एकटी म्हणते, मला पटत नाही. मग सोयरसुतक कुणाला आहे? जेसिका झालेली अँजेला लॅन्सबरी बोलता बोलता मध्येच थांबते, नजर खिळते. कुणीतरी सहज बोलून गेलेलं वाक्य तिला आठवलेलं असतं, खुन्याशिवाय कुणाला ठाऊक नसणार असं. रक्त दाखवलं नाही म्हणजे मरण स्वस्त केलं असं होत नाही. १९८४ ते १९९६, २६४ भाग लोकांनी उगाच पाहिले का?

निशाचर:
लोकांनी पाहिलं म्हणजे चांगलं, हे पटत नाही. मालिका घडते त्या अमेरिकेतल्या मेन राज्यात खुनाचा तपास शेरीफकडे, म्हणजे स्थानिक पोलीस प्रमुखाकडे, नसतोच. पोर्टलंड आणि बँगोर सोडलं तर तो राज्य पोलिसांकडे जातो, खटला ॲटर्नी जनरलचं कार्यालय चालवतं. जेसिकाच्या गावात, कॅबट कोव्हमध्ये मात्र शेरीफ एमॉस टपर बाईंच्या मागे मागे. पोलिसांना मठ्ठ दाखवल्याशिवाय हिची हुशारी उठून दिसत नाही, ही लेखकांची पळवाट आहे.

तर्कटी:
निशाचर +१. आणि पुरावा कुठे असतो? बाई बोलत्या झाल्या की खुनी घडाघडा कबुली देतो. वकिलानं "तोंड उघडू नकोस" एवढं सांगितलं असतं तर अर्धे खुनी सुटले असते.

आजोळ:
पोलीस, नियम सगळं ठीक. माझी मावशी जिन्याच्या पायथ्याशी सापडली. डॉक्टरांनी 'हार्ट' लिहून दिलं, शवविच्छेदन नाही. तिचा चष्मा वरच्या खोलीत, घडी करून ठेवलेला. चष्म्याशिवाय ती पलंगावरून पाय खाली टाकायची नाही. मी हे बोलले तर घरच्यांनी मलाच गप्प केलं. कुणावर आळ घ्यायचा नाहीये मला. पण एकानं तरी विचारायला हवं होतं. म्हणून मी ही मालिका बघते.

तर्कटी:
वाईट वाटलं. पण घरच्या दुःखावरून मालिका चांगली ठरत नाही. आणि म्हातारी माणसं रात्री चष्म्याशिवाय उठतातही.

आजोळ:
तुम्ही ओळखत होतात तिला? मग कशाला बोलता?

पारिजात:
तर्कटी, वाद मालिकेवर घाला. कुणाच्या गेलेल्या माणसावर नको.

तर्कटी:
विषय मी काढला नव्हता.

निशाचर:
शवविच्छेदनाचं आजोळ यांचं म्हणणं बरोबर आहे. कुणी पाहिलेलं नसताना माणूस पडून गेला, तर हृदय आधी थांबलं की डोक्याला मार आधी बसला, हे वरवर बघून कळत नाही. अशा वेळी शवविच्छेदनाचा आग्रह धरायलाच हवा. तेवढ्यापुरतं मान्य. शेरीफचा मुद्दा मात्र अजून कुणी खोडलेला नाही.

पारिजात:
नाहीच खोडत. कार्यपद्धती चुकीची आहे, घ्या. पण या भूमिकेसाठी लॅन्सबरीला बारा वेळा एमीचं, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्काराचं, नामांकन मिळालं आणि एकदाही पुरस्कार नाही, याचा मला तुमच्या शेरीफपेक्षा जास्त राग येतो. साधेपणानं केलेल्या कामाला कमी लेखायची सवय परीक्षकांनाही होती.

तर्कटी:
बाराही एमी द्या तिला, माझी हरकत नाही. कबुलीचा मुद्दा तरीही उरतोच.