सोलापूरच्या माळरानावर फुलपाखरांसाठी चराईबंदी हवी का?

माळकरी: नान्नजकडच्या माळांवर यलो पॅन्सी, स्मॉल सामन अरब, ग्रास ज्वेल ही उघड्या रानातली फुलपाखरं दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: गायरानाला कुंपण घाला आणि पाच वर्षं चराई बंद करा. स्मॉल सामन अरबची अळी पिलू नावाच्या झुडपाच्या पानांवर वाढते, यलो पॅन्सीची कोरांटीवर. शेळ्या कोवळे फुटवे खुडतात, उरलेलं सरपणाला जातं. अळीचं खाणंच संपलं तर नुसत्या फुलांचा काय उपयोग?

कुसळी_पवन्या: सरसकट बंदीला माझा विरोध आहे. ग्रास ज्वेलची अळी नीळ कुळातल्या सरपट वनस्पतींवर वाढते आणि मुंग्या तिची राखण करतात. चराई थांबली की पवन्या, मारवेल ही गवतं दाटतात, खाली ऊन पोचत नाही आणि सरपट झाडोरा दबून मरतो. ब्रिटनमध्ये लार्ज ब्लू या फुलपाखराचं नेमकं हेच झालं. 1950 च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाच्या साथीत ससे मेले, अनेक ठिकाणी गुरंही चरायची थांबली. गवत वाढून जमीन थंड पडली, आणि ज्या मायर्मिका साबुलेटी मुंग्यांच्या घरात ही अळी पोसली जाते त्या कमी झाल्या. 1979 मध्ये फुलपाखरू तिथून नाहीसं झालं. 1983 पासून स्वीडनमधून आणून पुन्हा सोडलं, पण त्यासाठी गवत आखूड ठेवावं लागलं. तिथल्या हीथवरच्या (खुरट्या झुडपांच्या माळावरच्या) सिल्व्हर-स्टडेड ब्लू फुलपाखरालाही कोवळी झुडपं आणि उघडी माती लागते.

माळकरी: तिथे पाऊस बारमाही, आपल्याकडे चार महिने. उथळ मुरमावर गवत तितकं माजत नाही. इथला प्रश्न अतिचराईचा आहे.

रुईचं_पान: तुम्ही दोघं चराईवर भांडताय, पण माळ कायमचा जातो तो वृक्षलागवडीने. लागवडीसाठी सलग समतल चर (उताराला आडवे लांब खड्डे) खणले की मुरूम वर येतो, गवताची मुळं उखडतात. मग लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांची दाट सावली पडते आणि उन्हातलं गवत, नीळ, कोरांटी सगळं हटतं. ‘पडीक जमीन’ म्हणून माळावर झाडं लावणं आधी थांबवा.

कुसळी_पवन्या: लागवडीबद्दल शंभर टक्के सहमत. चराईसाठी माळाचे चार तुकडे करा. दरवर्षी एक तुकडा जून ते नोव्हेंबर बंद, बाकीच्यांत मेंढ्या आळीपाळीने. पिलूच्या झुडपांभोवती बाभळीच्या फांद्यांची काटेरी कूड घाला. कापणी बी झडल्यावर, वीतभर बुडखे ठेवून, मधे न कापलेले पट्टे सोडून. जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढलेले पट्टे) अरुंद ठेवा; अख्खा माळ पेटवला तर अंडी, कोश सगळंच जळतं.

माळकरी: कुंपण नसेल तर बंद तुकड्यात रात्री कळप शिरणारच, राखणदाराचा खर्च कोण देणार? पिलू-कोरांटीचा भाग कायम बंदच हवा, यावर मी ठाम आहे. बाकी माळावर तुमची पद्धत करून बघू, पण मोजणीसह. ठरलेली वाट, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्यातलीच फुलपाखरं मोजायची. आठवड्यातून एकदा, स्वच्छ उन्हात, वारा कमी असताना, चरलेल्या आणि बंद तुकड्यांत सारखीच. दोन पावसाळ्यांचे आकडे हाती आल्याशिवाय मी कुंपणाची मागणी सोडणार नाही.