वर्डस्टारमधून नव्या प्रिंटरवर प्रिंट कशी काढायची? (नाना वर्ड शिकणार न्हाईत)

परभणीकर_ज्युनियर
राम राम मंडळी. आमचे नाना वकील, वय 74, खंडपीठाच्या रिट, अपिलं सगळं इंग्रजी टायपिंग 1991 पासून वर्डस्टारवर (विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिमवरचा टायपिंगचा प्रोग्राम). पोळ्याच्या आदल्या दिवशी जुना कॉम्प्युटरचा डबा बसला तो बसलाच, अन् त्याच्यासोबतचा डॉट मॅट्रिक्स पण आधीच शेवटच्या घटका मोजायलेला. मग विंडोज 11 चा लॅपटॉप अन् लेझर प्रिंटर घेतला. डॉसबॉक्समध्ये (विंडोजवर डॉसचे जुने प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) वर्डस्टार चालू झालं, नाना खूश, पण प्रिंट दिली की प्रिंटर ढिम्म. यूएसबी ते पॅरललची केबल आणून जुना प्रिंटर पण लावून पाहिला, तोही गप. काय करावं? वर्ड शिकवा म्हणू नका, तीनदा शिकवून झालंय, तिन्ही वेळा मलाच बोलणी बसली.

मांजराकाठचा
मग टायपिंग वर्डस्टारमध्ये करू द्या अन् फाईल नोटपॅडात उघडून तिथून प्रिंट मारा की. एवढं काय त्यात.

परभणीकर_ज्युनियर
ते केलं भाऊ. प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर भलतंच काहीतरी दिसायलंय.

नांदेडचा_टायपिंगवाला
व्हर्जन 4 दिसतंय, व्हय ना? जुनं वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करून ठेवायचं, म्हणजे अक्षराच्या कोडातच स्वतःची खूण करायचं, म्हणून ते तसं दिसतं. फाईल खराब नाही, घाबरू नका. पण नोटपॅडात उघडून चुकूनही सेव्ह करू नका.

आता मूळ दुखणं. डॉसमधला प्रोग्राम डायरेक्ट एलपीटी1 पोर्टावर (जुन्या प्रिंटरची पॅरलल केबल लागायची ते) अक्षरं टाकतो. तुमच्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही, अन् ती केबल लावली तरी एलपीटी1 तयार होत नाही, विंडोजला ती नुसती यूएसबी पोर्ट म्हणून दिसते. त्यात स्वस्तातले बरेच लेझर होस्ट बेस्ड असतात, म्हणजे पान विंडोजचा ड्रायव्हर तयार करून देतो, सरळ अक्षरं पाठवली तर त्यांना कळतच नाहीत. अन् साध्या डॉसबॉक्सात प्रिंटिंगची सोय मुळात नाहीच, तुम्ही कितीही डोकं फोडा.

डॉसबॉक्स-एक्स टाका, डॉसबॉक्सचाच वाढीव अवतार. ते स्वतःच एप्सन प्रिंटरचं सोंग घेतं, वर्डस्टारला वाटतं समोर डॉट मॅट्रिक्स बसलाय, अन् इकडं ते पानाचं चित्र बनवून विंडोजच्या प्रिंटरला देतं. त्याच्या कॉन्फ फाईलीत (सेटिंगची फाईल) पॅरलल1 समोर प्रिंटर लिहा, खाली प्रिंटरच्या भागात तो चालू करा अन् प्रिंटआउटपुट समोर पण प्रिंटरच लिहा (हे सगळं इंग्रजीत बरं का, नाहीतर जसंच्या तसं मराठीत टाकाल). वर्डस्टारमध्ये प्रिंटर एप्सन निवडा. कागदाचं माप इंचाच्या दहाव्या भागात असतं, ए4 ला रुंदी 83, उंची 117. लिगल पुस्तकात 14 इंच म्हणजे 140, पण आपल्याकडं मिळणारा रिम पट्टी लावून मोजा, तो बहुतेक 345 मिमीच भरतो, मग 136 टाका.

अन् एक, साध्या डॉसबॉक्सात कंट्रोल एफ9 दाबलं की पूर्ण खिडकी बंद होते, विचारत पण नाही. नानांचं अर्धं अपील जायचं.

मोंढा_जालना
एवढ्या खटपटीपरीस एप्सनचा एलएक्स-310 घ्या, त्याला यूएसबी अन् पॅरलल दोन्ही हायेत. आमच्या आडतीवर हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर अजून चालायलंय, प्रिंटर शेअर केला अन् नेट यूज कमांडनं एलपीटी1 त्याच्याकडं वळवलं. मशीन मात्र 32 बिट विंडोज 10 चं.

नांदेडचा_टायपिंगवाला
दादा, आडतीला कार्बन कॉपी लागते म्हणून तुमचं बरोबर. यांचं विंडोज 11 हाय, ते 64 बिटच येतं, त्यात डॉसचे प्रोग्राम सरळ उठतच नाहीत. अन् वकीलसाहेबांकडं लेझर पडून असताना अजून खर्च कामून करायचा?

परभणीकर_ज्युनियर
झालं!! रात्री साडेअकराला पहिलं पान निघालं. डाव्या बाजूला मजकूर लैच चिकटला होता, मी कॉन्फ फाईल उलटीपालटी करत बसलो, नाना मागून आले, फाईलीच्या वर डॉट पीओ 10 (वर्डस्टारची डावा समास सोडायची कमांड) टाकलं अन् म्हणाले आता दे. बरोबर आलं. बोल्ड पण येतंय. आता त्यांची तक्रार अशी की आवाज येत नाही, पान छापून झालं ते आतल्या खोलीत कळत नाही.

टायपिंगवाले काका, लै उपकार. अजून एक, कपाटात सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन डबे निघालेत, 1993 च्या आधीचं सगळं त्यातच. नांदेडात कुणाकडं चालू ड्राइव्ह असंल का?

नांदेडचा_टायपिंगवाला
माझ्याकडं हाय एक, चालू हाय का ते बघावं लागंल. रविवारी फोटो टाकतो. तोवर त्या फ्लॉप्या उन्हात ठेवू नका अन् कुणाला पुसू देऊ नका.