मदत हवी आहे : घरी बनवलेल्या ओपन-बॅक हेडफोनला बास येत नाही

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात एका गावात राहतो. सुट्टे ५० मिमी, ३२ ओहमचे डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) मागवून ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे, हेडफोन बांधतो आहे. कप सागवानाचे, गावच्या सुतारदादांनी सुंदर घडवून दिले. मागे स्टीलची जाळी, ड्रायव्हर ३ मिमी ॲक्रिलिकच्या पट्टीत. आवाज मोकळा, पण बास (खालचा, जाड आवाज) फारच पातळ. खंजेरी भजनात चकत्या टोचतात आणि थाप पोकळ लागते.

एका बाजूच्या तारा उलटवल्या तर बास आणखी गेला, म्हणजे पोलॅरिटी (तारांची + आणि − बाजू) बरोबर आहे. ड्रायव्हरच्या कडेची फट सिलिकॉनने बुजवली. ड्रायव्हरच्या मागच्या छिद्रांवर मायक्रोपोर टेप (जखमेवर लावायची कागदी पट्टी) लावली, बास उलट घटला, म्हणून काढली. ड्रायव्हरसमोर टिश्यू पेपरचा एक थर दिल्यावर टोचणं बरंच कमी झालं, तो ठेवला आहे. इक्वलायझरने बास वाढवला की आवाज फाटतो.

महत्त्वाचं म्हणजे पॅड हाताने कानावर दाबले की बास लगेच येतो. म्हणजे हवा पॅडमधूनच निसटते, असं मला वाटतं. पॅड मखमली आहेत. पूर्ण रेक्झिनचे नकोत, आमच्याकडच्या उन्हाळ्यात घामाने कान भिजतात. बँड घट्ट केला तर चष्मा रुततो. मोजायचा माईक नाही, फोनच्या ३.५ मिमी जॅकवर ऐकतो.

तर मखमली पॅडच्या फक्त आतल्या आणि बाहेरच्या भिंतीला पातळ रेक्झिन शिवून, कानाला टेकणारी बाजू तशीच ठेवली, तर पुरेसा बास परत येईल का? आणि तसं केल्यावर समोरचा टिश्यू काढावा लागेल का?