मदत हवी आहे: पॉवर प्रेसला लाइट कर्टन कोणतं घ्यावं? (तातडीचं)

भोसरीचा_पत्रेवाला
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत छोटं प्रेस शॉप आहे, पत्रा कापायचं-वाकवायचं. कस्टमरच्या ऑडिटरने एनसी (त्रुटीची नोंद) टाकलीय, प्रेसला सेफ्टी नाही म्हणून. १५ दिवसांत क्लोज करा, नाहीतर पुढचं शेड्यूल थांबवतो म्हणतोय. प्रेस ५ आहेत. लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की किरण तुटून मशीन थांबवतं ते, कुठल्या कंपनीचं घ्यावं, किती पैसे जातील, बसवून कोण देतं? चायनाचं चालेल का? लवकर सांगा, आजच कोटेशन दाखवायचंय.

निवांत_नाशिककर
कर्टन वगैरे मोठ्या कंपन्यांचे चोचले. आमच्याकडे सातपूरला दोन हातांची बटणं लावलीत. दोन्ही हात बटणांवर, मग डायच्या साच्यात जाणार काय, नाक? स्वस्तात काम झालं.

टूलरूमचे_अण्णा
आणि एका बटणात काडी खुपसून पोरं एकाच हाताने माल काढतात, तेही लिहा की.
पत्रेवाले, प्रेस किती टनी आणि क्लच कुठला?

भोसरीचा_पत्रेवाला
३० टनी तीन, ५० टनी दोन. सी फ्रेम. साधेच आहेत हो. कर्टनचं सांगा ना कुणीतरी.

अबोली७८
आगीचे सिलिंडर वेळच्या वेळी तपासून घेता ना? आमच्या शेजारच्या गाळ्यातले सगळे रिकामे निघाले होते. काटा हिरव्यात आहे का बघा, आणि समोर माल रचून ठेवू नका.

भोसरीचा_पत्रेवाला
ताई, आगीचा विषयच नाहीये.

टूलरूमचे_अण्णा
"साधेच" म्हणजे काय ते नीट सांगा. पायडल दाबल्यावर रॅम, म्हणजे वरून खाली येणारा ठोकळा, मध्येच थांबवता येतो, की फेरी पूर्ण करूनच थांबतो?

कलम_बहाद्दर
आधी माणसं किती ते सांगा. कामगार सुरक्षेची नवीन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. विजेवर काम असेल तर २० कामगार झाल्यावर कारखाना. १९४८ च्या कायद्यातली १० ची मर्यादा गेली. २० च्या आत असाल तर ऑडिटरला लेखी कळवा की आम्हाला हे लागू नाही.

भोसरीचा_पत्रेवाला
१४ माणसं, ठेकेदाराची धरून. म्हणजे सुटलो का?

लोअर_परळकर
काय सुटलो? कारखाना नसलात तरी १० माणसांवर त्याच संहितेत 'आस्थापना' होता, आणि धोकामुक्त जागा देणं मालकावरच येतं. शिवाय ऑडिटर कस्टमरचा आहे, त्याला कलमं दाखवून शेड्यूल मिळणार आहे का?

कलम_बहाद्दर
मी फक्त कारखान्याची व्याख्या सांगितली. बाकी तुम्ही वाचलंत ते.

भोसरीचा_पत्रेवाला
अण्णा, फेरी पूर्ण करूनच थांबतो. चावीचा क्लच आहे. सगळ्यांकडे तोच असतो ना?

टूलरूमचे_अण्णा
हेच पहिल्या ओळीत लिहायचं होतं. कर्टनचे पैसे खिशात ठेवा. क्लचची चावी, म्हणजे फ्लायव्हीलचं जड चाक शाफ्टला जोडणारी खीळ, एकदा बसली की ते चाक रॅमला पूर्ण फेरी मारायला लावणारच. हात आत गेल्याचं कर्टनने पाहिलं तरी थांबवणार कुणाला? ते चालतं न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच आणि ब्रेकच्या प्रेसवर. तिथेही हिशोब असतो. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. थांबायला ०.३ सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून निदान ४८ सेंटीमीटर लांब हवं. डायला चिकटवून लावलेलं कर्टन फोटोपुरतं.

आता खरं सांगा, एनसी अशीच आली का? काही झालं होतं?

भोसरीचा_पत्रेवाला
गेल्या महिन्यात एका पोराच्या तर्जनीचं पेर गेलं. चूक त्याची नव्हती. पाय पायडलवर नव्हताच, मशीनने डबल मारला. ऑडिटरने ऑपरेटरांना विचारलं, त्यांनी सांगून टाकलं.

निवांत_नाशिककर
म्हणूनच दोन बटणं लावा म्हणतोय.

टूलरूमचे_अण्णा
नाशिककर, डबल मारला म्हणतोय तो! पहिल्या स्ट्रोकनंतर बटणावरून हात काढून माणूस जॉब उचलायला आत जातो, आणि तेव्हाच दुसरा येतो. तिथे बटण काय करणार? चावी झिजली की तिची स्प्रिंग तुटली, ते आधी बघा. तोवर तो प्रेस बंद. मेन स्विचला कुलूप, त्याची किल्ली तुमच्या खिशात.

वेल्हाळ
त्यांना चामड्याचे हातमोजे द्या ना, आमचे मामा वेल्डिंगला वापरतात.

टूलरूमचे_अण्णा
३० टनाखाली चामडं? पत्र्याची धार लागू नये म्हणून मोजे ठीक, रॅमला लावलेल्या पंचाखाली त्यांचा काही उपयोग नाही.

लोअर_परळकर
तो मुलगा ईएसआयसीत (कामगार विम्यात) होता का? अपघाताचा अहवाल टाकलात?

भोसरीचा_पत्रेवाला
ठेकेदाराचा होता. खासगी दवाखान्यात नेला, सगळा खर्च मी केला. वडील समाधानी आहेत.

लोअर_परळकर
वडील समाधानी म्हणजे काय? बोट वडिलांचं गेलं का? ठेकेदाराने भरलं नसेल तर वर्गणी मुख्य मालकाकडून घेतात, म्हणजे तुमच्याकडून. पोराचं कार्ड असेल तर कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात जन्मभर पैसे मिळू शकतात. दवाखान्याचं बिल भरलं म्हणून ते फिटत नाही. अहवाल २४ तासांत जायला हवा होता. उशीर झालाय, तरी आता टाका.

ओहायोकर_मंदार
आमच्याकडे अमेरिकेत छोट्या धंद्यांसाठी ओशाची (कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) सल्ला योजना आहे. माणूस फुकट येऊन शॉप बघतो, दंड नाही, नाव तपासणीवाल्यांकडे जात नाही. फक्त गंभीर धोका सापडला तर ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करावाच लागतो. आपल्याकडे असं काही नाही का?

भोसरीचा_पत्रेवाला
आपल्याकडे डिशच्या (कारखाना इन्स्पेक्टरांचं खातं) ऑफिसात विचारायला जायचं म्हणजे स्वतःच्या पायाने साहेबाला घरी बोलावणं.

लोअर_परळकर
सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, ते कारखान्यांचे इन्स्पेक्टर नाहीत. प्रशिक्षण देतात, सल्ल्याची कामंही घेतात. सुपरवायझरला तरी पाठवा. नवी मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे, १९६६ पासूनची.

निवांत_नाशिककर
४ मार्चला बिल्ले लावून शपथ घ्यायची, ती हीच ना? आमच्याकडे शपथेनंतर वडापाव असतो.

वेल्हाळ
भोसरीत गुरुवारी अजूनही सुट्टी असते का?

भोसरीचा_पत्रेवाला
असते. अण्णा, मग करू काय ते एकदाचं सांगा.

टूलरूमचे_अण्णा
प्रत्येक डायला पिंजरा. छिद्राचा पत्रा वाकवून पंचाभोवती घट्ट बोल्ट करा, पत्रा आत सरकेल एवढीच फट, ६ मिलीमीटरच्या वर नाही. जॉब खालून किंवा मागून घसरत पडेल असं बघा. हात आत जायचं कारणच राहायला नको. जिथे हाताने ठेवल्याशिवाय जमत नाही तिथे सरकता ट्रे करा, बाहेर भरून आत ढकलायचा. पायडलवर झाकण. आणि रोज सकाळी रिकामे दहा स्ट्रोक, एकदा जरी डबल आला तरी प्रेस बंद. हे सगळं तुमच्याच शॉपमध्ये होईल.

भोसरीचा_पत्रेवाला
आज चावी काढून पाहिली. एक कडा पार गोल झालीय. दोन डायचे पिंजरे वाकवले. तिसरी फॉर्मिंगची, म्हणजे वाकवायची आहे, ब्लँक (कापलेला तुकडा) उभा ठेवावा लागतो, तिथे ट्रे बसत नाही. ठेकेदार फोन उचलत नाहीये. पोराचं कार्ड आहे की नाही ते त्याच्याच घरी जाऊन विचारतो, गुरुवारी.

टूलरूमचे_अण्णा
तिसऱ्या डायचं ड्रॉइंग टाका. ट्रे जमेपर्यंत ती चढवू नका.

अबोली७८
जाताना पोरासाठी काहीतरी घेऊन जा. आणि सिलिंडर बघाच.