उपग्रहचित्रांवरून अनोख्या जागा शोधण्यासाठी सुरुवात कोठून करावी? (खर्चाची मर्यादा 1500 रुपये)

नाशिकची_आत्या
नमस्कार. दिवाळीच्या सुटीत माझी नववीतील भाची पंधरा दिवस माझ्याकडे येणार आहे. तिला नकाशांचे वेड आहे, आणि उपग्रहचित्रांत काहीतरी विलक्षण शोधून काढायचे, असा तिचा हट्ट आहे. माझा संगणक आठ वर्षे जुना असून त्याची स्मृती केवळ 4 जीबी आहे. खर्चासाठी फार तर 1500 रुपये बाजूला ठेवले आहेत. कोणते संकेतस्थळ किंवा प्रणाली वापरावी आणि शोध कोठून सुरू करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. जगातील दहा आश्चर्यांच्या याद्या कृपया देऊ नयेत, त्या तिला पाठ आहेत.

उंच_माझा_ड्रोन
ताई, उपग्रहचित्रांत वेळ घालवण्यापेक्षा 250 ग्रॅमहून कमी वजनाचा एक ड्रोन घ्यावा. मी गेल्या वर्षी साठ हजारांना घेतला आणि आमच्या परिसरातील एकही टेकडी पाहायची सोडली नाही.

सड्यावरचा_वाटसरू
धाग्याच्या शीर्षकात 1500 रुपये असे लिहिले आहे, हे वरील सदस्यांनी वाचलेले दिसत नाही. असो. गुगल अर्थची संगणकावर उतरवून घेण्याची 'प्रो' आवृत्ती 2015 पासून विनामूल्य आहे. तिच्यात घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारली की त्याच जागेची जुनी चित्रे एकामागून एक पाहता येतात, आणि माझ्या मते खरी गंमत तेथेच आहे.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे आपली टळेल. राजापूरच्या बाजूला एका सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मला चित्रात अगदी रेखीव, पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी रचना दिसली. एखादी अज्ञात पुष्करणी सापडली, या आनंदात मी दोघा मित्रांना घेऊन भर एप्रिलच्या उन्हात तेथे पोहोचलो, तर ती चिरेखाण निघाली. जांभा दगडाचे चिरे यंत्राने कापले की मागे असेच काटकोनी खड्डे उरतात. घड्याळाचे बटण आधी दाबले असते, तर चार वर्षांपूर्वी तेथे मोकळा सडा होता, हे घरबसल्या कळले असते. कातळशिल्पांच्या आशेने कोणी कोकणाचे सडे पडद्यावर धुंडाळत असेल, तर हेही सांगतो की ती शिल्पे चित्रात क्वचितच ओळखू येतात. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब असला, तरी त्याच्या कोरीव रेषा जेमतेम काही सेंटिमीटर रुंदीच्या आहेत. तो पाहायला पायीच जावे लागते.

गेमिंग_गुरू
4 जीबीमध्ये त्रिमितीय दृश्य चालणार नाही, हे लिहून ठेवा. मी नवा संगणक नव्वद हजारांना घेतला, त्यात आता हिमालयसुद्धा लोण्यासारखा फिरतो.

खानदेशी_काळा_दगड
चिरेखाणीचा अनुभव वाचून धीर आला, कारण माझी गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. साक्रीच्या परिसराचे चित्र पाहताना मला पूर्व-पश्चिम धावणारी एक काळी सरळ रेघ दिसली. टेकड्या, ओढे, शेते या कशाचीही पर्वा न करता ती कित्येक किलोमीटर पुढे जात होती. ही कोणत्यातरी राजवटीची सीमाभिंत असावी, असे ठरवून मी दोन पानांचे टिपणही लिहिले होते. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांनी ते वाचले आणि हसून सांगितले की नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा शेकडो रेघा आहेत. दख्खनचा लाव्हा वर येत असताना जमिनीतील भेगांत शिलारस थिजला, पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि भेगेतला कठीण भाग भिंतीसारखा उभा राहिला. त्यांना डाइक म्हणतात. ताई, आपण नाशिकला आहात, तेव्हा हा पट्टा आपल्याला जवळ आहे. टिपण मी अजून जपून ठेवले आहे, परंतु कोणाला दाखवत नाही.

बुलढाणेकर
यादी नको म्हटले असले, तरी लोणारला पर्याय नाही. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आघाती (अवकाशातील दगड आदळून झालेले) विवर बेसाल्ट खडकामध्ये, तेही आपल्या राज्यात! जून 2020 मध्ये तेथील पाणी गुलाबी झाले होते. त्या महिन्यातील आणि त्याआधीची चित्रे शेजारी शेजारी लावून पाहावीत.

सड्यावरचा_वाटसरू
लोणार सापडलेलेच आहे. मुलीला शोधायचे आहे.

बुलढाणेकर
सापडलेली जागा नीट पाहता आल्याशिवाय न सापडलेली ओळखता येत नाही. विवर कसे दिसते हे ठाऊक नसेल, तर प्रत्येक शेततळे विवरच वाटेल.

पडदा_प्रवासी
गुगल अर्थ विनामूल्य आहे, तेच घ्यावे. (हे वर कोणी सांगितले असल्यास क्षमस्व.) हौशी माणसांना नवे काहीच सापडत नाही, असा सूर येथे लागत आहे, तो मला मान्य नाही. कझाकस्तानातील दिमित्री देय यांनी 2007 मध्ये घरी बसून तुर्गाई प्रदेशातील मातीच्या उंचवट्यांच्या प्रचंड आकृत्या हुडकल्या. पिरॅमिडांवरचा एक कार्यक्रम पाहून ते आपल्या देशात पिरॅमिड शोधत होते. पिरॅमिड मिळाला नाही, पण 101 उंचवट्यांचा चौकोन मिळाला. त्याच्या पुढच्याच वर्षी विन्चेन्झो दे मिकेले यांना इजिप्तच्या नैर्ऋत्य वाळवंटात 45 मीटर व्यासाचे कामिल विवर चित्रात दिसले.

दक्षिण_वर
दे मिकेले हे मिलानच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे माजी अभिरक्षक होते, त्यांना हौशी म्हणणे धाडसाचे आहे. परंतु माझा मुद्दा वेगळा आहे. कोणती प्रणाली घ्यावी यावर एवढी चर्चा झाली, पण चित्र पाहावे कसे, हे कोणी लिहिले नाही.

बहुतेक चित्रे सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास टिपलेली असतात. त्या वेळी सूर्य, विशेषतः हिवाळ्यात, आपल्या आग्नेयेस असतो आणि सावल्या वायव्येकडे पडतात. नकाशात उत्तर वर असल्याने उजेड चित्राच्या खालच्या बाजूने येतो, आणि आपल्या मेंदूला तर उजेड वरून येण्याची सवय आहे. परिणामी दरी डोंगरासारखी आणि डोंगर दरीसारखा भासतो. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात पिसांचा शिरपेच घातलेल्या माणसाचा जो प्रसिद्ध चेहरा 2006 मध्ये या चित्रांत दिसला, तो वर आलेला वाटतो. प्रत्यक्षात ते पाण्याने कोरलेले खोलगट खोरे आहे. उपाय सोपा आहे: चित्र उलटे फिरवून दक्षिण वर आणावी. त्याचबरोबर तारीख पाहावी. डिसेंबर-जानेवारीतील लांब सावल्यांत बांध आणि उंचवटे उठून दिसतात, मेमध्ये गवत नसल्याने उघडी जमीन वाचता येते, आणि पावसाळ्यानंतरची हिरवाई सगळेच झाकून टाकते.

गेमिंग_गुरू
चित्र फिरवण्यासाठीसुद्धा चांगले ग्राफिक्स कार्ड लागते.

दक्षिण_वर
नाही. मोबाइल उलटा धरला तरी पुरते.

जुनी_चित्रे
सर्वांचा भर तपशीलवार चित्रांवर आहे. मी मात्र जाडीभरडी चित्रे सुचवीन. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे 2015 पासूनची आहेत. एका चौकटीत (पिक्सेलमध्ये) 10 मीटर जमीन मावते, आणि दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी नवे चित्र देतात. अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रे तर 1972 पासूनची आहेत, अर्थात सुरुवातीची फारच ढोबळ, म्हणजे एका चौकटीत सुमारे 80 मीटर. दोन्ही विनामूल्य मिळतात, संगणकावर काही बसवावे लागत नाही, नोंदणी तेवढी करावी लागते.

पडदा_प्रवासी
80 मीटरमध्ये काय दिसणार? शाळेचे मैदानसुद्धा एका ठिपक्यात संपेल. भाची दुसऱ्या दिवशी कंटाळेल.

इंदापूरचा_पाहुणा
उजनीच्या जलाशयातील पळसदेवचे जुने मंदिर कोणीच कसे सुचवले नाही? पाणी फार उतरले की ते वर येते. पण दिवाळीत धरण भरलेले असते, त्यामुळे आता जाऊन उपयोग नाही. उन्हाळ्यापर्यंत थांबावे.

नाशिकची_आत्या
सर्वांचे आभार. भाची काल परत गेली, म्हणून काय केले ते सविस्तर लिहिते. ड्रोन घेतला नाही, संगणक बदलला नाही आणि लोणारलाही गेलो नाही, याबद्दल संबंधितांनी राग मानू नये. चाक असलेला माऊस 450 रुपयांना घेतला, तेवढाच खर्च झाला.

पहिले दोन दिवस गुगल अर्थ उघडले, परंतु संगणक इतका कण्हू लागला की भाचीनेच ते बंद केले. मग बहुमत डावलून आम्ही जुनी ढोबळ चित्रे घेतली आणि इंदापूरच्या पाहुण्यांनी थांबायला सांगितले होते, त्याच उजनीवर गेलो. माझे माहेर त्या जलाशयाखाली गेलेल्या गावांपैकी एका गावचे आहे, हे मी सुरुवातीला लिहिले नव्हते. धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. लँडसॅट त्याच्या आठ वर्षे आधीपासून वरून पाहत होता, हे वाचल्यावर मला दुसरे काही सुचेना.

सत्तरच्या दशकातील एक ढगविरहित चित्र मिळाले. त्यात झाडोरा तांबडा दिसतो, म्हणून शेते पेटली आहेत की काय, असे भाचीने विचारले. निळा रंग ते उपकरण टिपतच नसे, आणि झाडोऱ्यावरून येणारा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश चित्रात तांबडा दाखवतात, त्यामुळे असे होते, हे तिनेच दुपारी शोधून मला समजावले. आजच्या चित्रात जेथे रुंद पाणी पसरले आहे, तेथे त्या चित्रात भीमा एका बारीक काळ्या रेघेएवढी आहे. तिच्या एका वळणाच्या आत आमचे गाव असावे, अशा दहा-बारा करड्या चौकटी आम्ही मोजल्या. पडदा_प्रवासी यांचे म्हणणे खरे आहे, घर दिसत नाही आणि देऊळही दिसत नाही. भाचीने ते वळण कागदावर उतरवून तिच्या वडिलांना पाठवले. गाव वळणाच्या आत नव्हे, पलीकडच्या काठाला होते, असे माझ्या भावाचे म्हणणे पडले, आणि त्यावरून आम्हा बहीण-भावांत तासभर फोनवर वाद झाला. चित्र उलटे फिरवून पाहिल्यावरही तो मिटला नाही.

आता एक प्रश्न उरला आहे. 2015 नंतरच्या कोणत्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी सर्वांत खाली गेले होते, हे कोणी सांगू शकेल काय? त्या मे महिन्यातील सेंटिनेलची चित्रे भाचीला पाठवायची आहेत.

उंच_माझा_ड्रोन
ड्रोन असता, तर पाणी उतरल्यावर आपण स्वतःच चित्र काढले असते.