वाड्यावरच्या रस्त्यात उभा ट्रॅक्टर: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, आधी माझी गोष्ट सांगते, मग तुमच्या ऐकायच्या आहेत.

आमचा वाडा, म्हणजे गावातली छोटी वस्ती, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. देवळापासून व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, एकच डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. समोरून गाडी आली की स्कूटरवाल्याने कुणाच्या तरी अंगणात शिरायचं, तेव्हा ती पुढे जाते. शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर आमच्या गडग्याला लागून उभा असतो. गेल्या जूनमध्ये नांगरणीचे दिवस होते, वीज गेलेली, पाऊस धो धो. माझा मुलगा ट्यूशनहून येत होता. ट्रॅक्टरच्या मागच्या लाल काचा चिखलाने माखलेल्या आणि मागे जोडलेला, माती फोडायचा रोटाव्हेटर शेतातून आला तसाच वर उचललेला. त्याची वाकडी पाती बरोबर स्कूटरच्या दिव्याच्या उंचीवर. मुलाने शेवटच्या क्षणी हँडल वळवलं. कोपर सोलवटलं आणि रेनकोटची बाही पात्यात अडकून खांद्यापर्यंत फाटली. ती बाही मी अजून टाकलेली नाही.

काकाच धावत आले, त्यांनीच त्याला उचलून आणलं. आमचं भांडण नाही. नव्या तांदळाची पहिली शेरभर पुडी दरवर्षी त्यांच्याकडून येते, आमच्याकडून नारळ जातात. पण ट्रॅक्टर आजही तिथेच उभा असतो आणि मुलगा घरी येईपर्यंत मी दारातून हलत नाही. म्हणून विचारते आहे. ट्रॅक्टरवाल्यांनीही लिहा आणि ज्यांच्या दारात तो उभा राहतो त्यांनीही. तालुका लिहिला तरी पुरे, गाव आणि नावं नकोत.

सत्तरी

ताई, मी ट्रॅक्टरवाला. माझाही रस्त्यातच असतो, म्हणून लिहितो.

आमचं घर मुंडकारी, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत त्याच्या संमतीने राहणाऱ्याचं. 1975च्या मुंडकार कायद्याखाली ते आमच्या नावावर झालं तेव्हा घर धरून 300 चौरस मीटर पदरी पडले. तेवढ्यात घर, विहीर, न्हाणी, तुळस आणि गोठा. बाबांचं जोत होतं तोवर अडचण नव्हती, बैल मान खाली घालून गोठ्यात जायचे. बैल विकले आणि ट्रॅक्टर घेतला, तो काही मान खाली घालत नाही. भावाच्या वाटणीत खळं गेलं आणि त्याच्यावर त्याचं घर उभं राहिलं. त्याला तरी कुठे दुसरी जागा होती?

लोक म्हणतात शेतातच ठेव. पावसाळ्यात भातशेतात रात्रभर ठेवला तर सकाळी काढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो. बांधाच्या टोकाला ठेवून पाहिला. एका वर्षी बॅटरी गेली, पुढच्या वर्षी टाकीतलं डिझेल. शेताच्या कोपऱ्यात माती टाकून उंचवटा करीन म्हटलं तर नगरनियोजन कायद्याचं कलम 17अ आडवं आलं, सखल जमीन परवानगीशिवाय भरता येत नाही. त्या कलमाबद्दल मी वाईट बोलणार नाही. ते नसतं तर रस्त्याकडेची शेतं भरून कधीच विकली गेली असती. पण माझ्या ट्रॅक्टरला जागा नाही ती नाहीच.

आता तुमच्या काकांच्या रोटाव्हेटरचं. तो वर ठेवून जाणं ही चूक आहे, तिला दुसरं नाव नाही. इंजिन बंद असताना हायड्रॉलिकवर भरवसा ठेवायचा नसतो. लिव्हरला कुणाचा हात लागला किंवा आतलं तेल झिरपलं की तो खाली बसतो, आणि त्याच्याखाली पोरांचा चेंडू गेलेला असू शकतो. इंजिन बंद करण्याआधी अवजार जमिनीला टेकवायचं, हँडब्रेक लावायचा, गिअरमध्ये ठेवायचा, चावी घरात न्यायची. उतार असेल तर चाकाखाली चिऱ्याचा दगड लावायचा. मी पात्यांवर युरियाचं रिकामं पोतं बांधतो. पांढरं असतं, काळोखातही दुरून दिसतं, आणि कुणी धडकलंच तरी पातं थेट अंगाला लागत नाही. काकांना आजच सांगा. पोतं त्यांच्या घरी असेलच.

फोंडा

आमच्याकडे ट्रॉली वळणावर उभी असायची. ट्रॅक्टर सोडून नुसतीच, पुढचा दांडा दगडावर टेकवलेला, मागे एकही दिवा नाही. सकाळी शाळेची बस तिला टाळायला उजवीकडे यायची आणि वळणापलीकडचं तिला काही दिसायचं नाही. मी मालकाला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. वळणाजवळ, कुणाच्या गेटसमोर गाडी उभी करायला 2017च्या वाहनचालन नियमांत मनाई आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ वाहन बेवारस सोडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 खाली पोलीस ते हलवू शकतात. ट्रॅक्टरला आणि ट्रॉलीला यातून सूट नाही.

ट्रॉली हलली. मालक दीड वर्ष माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण तक्रार केल्याचं वाटत नाही.

तिसवाडी

आम्ही बेटावरचे. भाड्याचा ट्रॅक्टर पलीकडून फेरीबोटीने येतो. काम लांबलं आणि शेवटची फेरी चुकली की तो धक्क्याजवळच्या घरांसमोर रात्र काढतो. चिखलात चालायला लावतात ती लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं, केजव्हील, काढून रस्त्याकडेला आडवी टाकलेली असतात. माझ्या सासऱ्यांनी पहाटे त्यांत पाय घातला, नडगीला सात टाके. केजव्हील काढली तर ती गडग्याला उभी टेकवून बांधा, एवढंच मागणं आहे. आणि ती लावून डांबरावरून चालवू नका, रस्ता अक्षरशः खणला जातो.

पेडणे

आमचा त्रास वर्षातून आठवडाभराचा, पण सगळ्या वाड्याचा. सरद, म्हणजे पावसाळी भात, कापायला ऑक्टोबरमध्ये परराज्यातून चेनवालं हार्वेस्टर लॉरीवर चढून येतं. हार्वेस्टर शेतात उतरलं की लॉरी रस्त्यात. चालक आणि मदतनीस तिच्या केबिनमध्येच झोपतात. पहिल्या वर्षी लॉरी माझ्या चुलत्यांच्या गेटसमोर चार दिवस उभी होती आणि चुलते चार दिवस रिक्षाने बाजारात गेले. कुणाला बोलणार? कापणी त्यांच्याही शेताची होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही हार्वेस्टर ठरवतानाच एजंटला जागा सांगितली. शाळेच्या मागचं मैदान, मुख्याध्यापकांची परवानगी आधीच काढून. मैदानात पाण्याचा नळ आणि संडास आहे. त्या माणसांनाही ते बरं पडलं, नाहीतर आंघोळीला व्हाळावर जायची. चेन रस्त्यावर उतरते तिथे जुने टायर अंथरतो, म्हणजे डांबर उखडत नाही. भाड्यात तासाला किती, हे सगळे विचारतात. रात्री उभं कुठे करणार, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं. मशीन आल्यावर उशीर झालेला असतो, तेव्हा ढग पाहून प्रत्येकाला आपलंच भात आधी हवं असतं.

धारबांदोडा

माझी उसाची ट्रॉली होती. संजीवनी साखर कारखान्याचं गाळप थांबलं आणि ती घरासमोर रस्त्याच्या कडेला उभी राहिली ती राहिलीच. पुढच्या हंगामात सुरू होईल, अशी आशा. टायर बसले, तळाच्या पत्र्याला भोकं पडली, त्यातून रुमडाचं, म्हणजे उंबराचं, रोपटं वर आलं. शेजारच्या वहिनींनी एकदा हळूच विचारलं, "भाऊ, ट्रॉली काढणार का? पोरांना सायकल शिकायला रस्ताच उरला नाही." मी रागाने बोललो. त्यांचं काही चुकलं नव्हतं, मला ती विकायची नव्हती. ट्रॉली गेली म्हणजे ऊस गेला, असं वाटत होतं.

गेल्या उन्हाळ्यात भंगारात दिली. गॅसने कापायला दोन तास लागले. वहिनी चहा घेऊन आल्या आणि संपेपर्यंत माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

डिचोली (धागा सुरू करणारी)

सगळ्यांचं वाचलं. धारबांदोड्याच्या भाऊंचं दोनदा वाचलं.

आज तिन्हीसांजेला काकांना बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसवून सत्तरीकरांचा मजकूर वाचून दाखवला. त्यांचंही घर मुंडकारीच, हे मला इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. पोत्याचं ऐकून ते उठले आणि बॅटरी घेऊन गोठ्यात गेले. दोन पोती सापडली, एकाला उंदराने कुरतडलंय. आमच्या मागच्या दारी शेणखताचा जुना खड्डा आहे, तो बुजवला आणि गडगा तीन हात काढला तर ट्रॅक्टर आत येईल, असं मुलगा म्हणतो. उद्या दोघं दोरी घेऊन मोजणार आहेत.

सत्तरीकर, एक सांगा, ट्रॅक्टर रोटाव्हेटरसकट आत वळवायचा तर गेट किती फुटांचं लागेल? काका आठ म्हणतात, मुलगा दहा म्हणतो.