फवारणी ड्रोनच्या बॅटऱ्या चार-पाच महिने पडून होत्या, तीन फुगल्या. काय करू?

वावरवाला_यवतमाळ

नमस्कार राजेहो. माझ्याकडे दहा लिटरचा फवारणी ड्रोन आहे, दोन वर्षं झाली, भाड्यानं मारतो एकरावर. शेवटचं काम जानेवारीत हरभऱ्यावर घाटेअळीचं केलं, अन त्यानंतर ड्रोन अन बॅटऱ्या सगळं वावरातल्या टिनाच्या शेडात ठेवून दिलं. बॅटऱ्या ६ सेलच्या, २२००० एमएएच, दोन-दोन जोडून चालतात, एकूण आठ नग म्हणजे चार जोड्या. ठेवताना सगळ्या फुल चार्ज करून ठेवल्या, म्हटलं कोणाचा फोन आला तर लगेच निघता येईल. फोन काही आला नाही.

परवा मृग तोंडावर आला म्हणून शेड उघडलं तर ३, ४ अन ७ नंबर टम्म फुगलेल्या. वरची पट्टी ताणून बसली, अंगठ्यानं दाबलं की उशी दाबल्यासारखं लागते. ७ नंबरचे पाच सेल ४.१० च्या आसपास अन एक ३.६२. ५ नंबर फुगली नाही पण तिला तो बॅटरी उतरली की पोंपों करणारा छोटा अलार्म लावलेला तसाच राहून गेला होता, तिचे सगळे सेल १.३-१.४ वर आले, चार्जर घेतच नाही, एरर देतो. गावातला मोबाईल रिपेअरिंगवाला म्हणतो डायरेक्ट सप्लाय देऊन उठवून देतो, पाचशे रुपये.

जोडीला अर्ध्या लाखाच्या वर पैसे गेले आहेत हो. उडवताना एवढी काळजी घेतली, एकदा पाडला नाही, अन बॅटऱ्या बसल्या बसल्या मेल्या हे काही समजून नाही राहिलं. फुगलेल्या वापरता येतील का? ५ नंबर उठवू का? अन विकणारा म्हणतो फुगलेल्या ट्रॅव्हल्सनं पाठवून द्या, आम्ही बघतो. पाठवू का?

सोल्डरकाका

भाऊ, सगळ्यात आधी त्या रिपेअरिंगवाल्याला नाही म्हणून सांगा, बाकीचं नंतर वाचा.

लिपोचा, म्हणजे तुमच्या या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा, सेल २ व्होल्टच्या खाली बरेच दिवस राहिला की आत जी तांब्याची पातळ पट्टी असते तिचं तांबं विरघळायला लागतं. मग वरून तुम्ही करंट दिला की तेच तांबं आत कुठेतरी भलतीकडे जमतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. त्या दिवशी काहीच होणार नाही, बॅटरी उठल्यासारखी वाटेल, रिपेअरिंगवाला पाचशे घेऊन मोकळा, आणि मग तिसऱ्या-चौथ्या चार्जिंगला रात्री घरात धूर. ५ नंबर गेली असं समजा. तो अलार्म दिसायला एवढासा असतो पण तो बॅलन्सच्या, म्हणजे प्रत्येक सेलकडे जाणाऱ्या बारीक, वायरीतून सतत करंट खात बसतो. माझी स्वतःची पहिली महागडी बॅटरी अशीच गेली होती, मी रिमोटची विमानं उडवतो वीसेक वर्षं झाली, त्यामुळे हसत नाहीये तुम्हाला.

आता "बसल्या बसल्या मेल्या" चं. या बॅटऱ्या उडवून कमी मरतात, ठेवून जास्त मरतात. सेल ४.२ ला भरून ठेवला म्हणजे आतलं इलेक्ट्रोलाइट सतत ताणाखाली असतं, ते हळूहळू कुजतं म्हणा, त्यातून गॅस होतो आणि सेलची पिशवी (पाऊच) बंद असल्यामुळे गॅसला जायला जागा नाही, म्हणून फुगते. उष्णतेत हेच काम झपाट्यानं होतं. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४४ डिग्री, टिनाच्या शेडात दुपारी ५० च्या वर सहज जात असणार. फुल चार्ज आणि भट्टी, दोन्ही एकत्र. आठातल्या तीनच फुगल्या हे नशीब.

ठेवायची असेल तर सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्ट, म्हणजे तुमच्या ६ सेलला २२.८ ते २३.१. चार्जरवर स्टोरेज नावाचा मोड असतो तो याच्यासाठीच. पण एवढ्या मोठ्या बॅटरीला तो रडवतो, कारण बहुतेक चार्जर डिस्चार्ज करताना जेमतेम वीस वॅट खातात, तुमची फुल बॅटरी अर्ध्यावर आणायला तेरा-चौदा तास लागतील, आठ नगांना आठवडा. मी काय करतो ते सांगतो. ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्टचा ७० वॅटचा बल्ब मिळतो कुठल्याही ऑटो पार्ट्सवाल्याकडे, त्याला मागे होल्डर आणि बॅटरीला बसेल तो कनेक्टर सोल्डर करायचा. तीन अँपिअरच्या आसपास खातो, चारेक तासात फुल बॅटरी अर्ध्यावर येते. बल्ब खूप तापतो, फरशीवर ठेवा, आणि लावून जेवायला निघून जाऊ नका, सेलचे व्होल्ट दाखवणारा चेकर लावून दर अर्ध्या तासाला बघा. विसरलात तर ५ नंबरला सोबत मिळेल.

फुगलेल्या ट्रॅव्हल्सनं अजिबात पाठवू नका. डिकीत सामानाखाली दाबली गेली आणि पेटली तर वर तीस माणसं झोपलेली असतात.

फिल्मी_ड्रोनवाला

काकांना दुजोरा. मी लग्नाचं शूटिंग करतो, माझा छोटा फोल्डिंगवाला ड्रोन, बॅटरी ७७ वॉट-अवरची, यात स्वतःचं डोकं असतं, फुल ठेवली तर काही दिवसांनी आपली आपण खाली उतरते. त्यामुळे मी निर्धास्त असायचो. पण देवशयनीला सीझन संपला की सरळ तुळशीच्या लग्नापर्यंत बॅग उघडायचीच नाही असं एक वर्ष केलं तर उलटंच झालं, एक बॅटरी इतकी खाली गेली की झोपून गेली, चार्जरला लावल्यावर लाईटच लागेना. थोडा वेळ लावून ठेवल्यावर उठली एकदाची. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी बघतो. बॅटरी हुशार असली तरी मालक बावळट असून चालत नाही 😅

बाकी थोडं फुगलेलं चालतं असं आमच्यातले बरेच जण म्हणतात, उडवल्यावर फुगते आणि थंड झाली की बसते.

मराठवाडा_स्प्रे

चालतं की. माझ्याकडे दोन जोड्या थोड्या फुगीर आहेत, मागचा पूर्ण खरीप मारला त्यांच्यावर. टाकी अर्धीच भरायची म्हणजे लोड येत नाही. प्रत्येक फुगलेली फेकायला लागलो तर एकरी चारशे-पाचशेत धंदा कसा करायचा? कागदावर सगळं बरोबर असतं.

सोल्डरकाका

@मराठवाडा_स्प्रे तुमचा धंद्याचा मुद्दा कळतो, पण हिशोब उलटा करून बघा. तुमच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या आहेत. त्यातला बारापैकी एक सेल लोडवर कोसळला की ड्रोनला कळतं तोपर्यंत तो खाली यायला लागलेला असतो, आणि खाली येताना तो बांधावर येत नाही, मधोमध येतो. हात, मोटर, पंप मोडला की किती जातात ते तुम्हालाच माहिती. शिवाय टाकीत औषध.

गरम असताना किंचित फुगून थंड झाल्यावर बसते ती एक वेळ नजर ठेवून वापरा. पण यवतमाळकरांची थंड असताना उशीसारखी दबते, आणि ७ नंबरला एक सेल अर्धा व्होल्ट मागे आहे. पडून राहिलेल्या चांगल्या बॅटरीत सेलांमधला फरक ०.०२-०.०३ च्या आत असतो. ०.१ गेला तरी मी ती ड्रोनला लावत नाही. अर्ध्याला तर चर्चाच नको.

बचतगटवाली_जालना

मी नमो ड्रोन दीदीची, म्हणजे बचतगटांना फवारणी ड्रोन देणाऱ्या सरकारी योजनेची, पायलट आहे, आमच्या गटाकडे दोन सीझन झाले ड्रोन आहे. दादा, मी तुमच्याएवढी जाणकार नाही पण आमच्या बॅटऱ्या अजून एकही फुगली नाही म्हणून काय करतो ते लिहिते.

आम्ही जोड्यांना अ-अ, ब-ब असं पेंटनं लिहून टाकलंय आणि अ ची बॅटरी ब सोबत कधीच लावत नाही. एक शाळेची वही आहे, त्यात तारीख, किती एकर, उतरल्यावर किती व्होल्ट आणि सगळ्यात वरचा-खालचा सेल. पहिले सगळ्या हसायच्या, दुधाची वही म्हणायच्या. पण त्या वहीनंच आम्हाला दाखवलं की क च्या एका बॅटरीत चौथा सेल दर वेळी थोडा थोडा मागे पडतोय, तर ती सीझन चालू असतानाच बाजूला काढली.

उतरल्याबरोबर चार्जिंगला लावत नाही. गाडीच्या सावलीत ठेवतो, हात ठेवून सहन होतं तेवढी थंड झाली की मगच. घाई असली की जीव तुटतो, शेतकरी डोक्यावर उभा असतो, पण तरी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आदल्या रात्री चार्ज करणं बंद केलं. पहिल्या वर्षी रात्री सगळ्या भरून ठेवायच्या आणि सकाळपासून पाऊस, मग चार-पाच दिवस बॅटऱ्या तशाच भरलेल्या. आता अर्ध्यावरच ठेवतो, सकाळी आभाळ बघतो, शेतकऱ्याला फोन करून वारं विचारतो आणि मगच जनरेटर लावतो. अर्ध्यावरून फुल व्हायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात औषध कालवून होतं.

वावरवाला_यवतमाळ

ताई हे आभाळ बघून चार्ज करायचं एकदम पटलं. आमच्याकडे झड लागली की आठ-आठ दिवस सुटत नाही, मागच्या ऑगस्टमध्ये असंच झालं होतं अन मी रोज रात्री "उद्या उघडते" म्हणून भरलेल्याच ठेवल्या होत्या. म्हणजे उन्हाळ्याच्या आधीच मार बसला असंन त्यांना.

आता ठेवायच्या कुठं? शेड तर गेलं. घरी एक खोली थंडी आहे पण तिथं अर्ध्यापर्यंत कापूस भरलाय, भाव वाढन म्हणून अजून विकला नाही. पेटीसाठी धान्याची जुनी पत्र्याची कोठी आहे, तिला झाकण घट्ट बसते. बायको म्हणते फ्रिजमध्ये ठेवा, पण ती खरंच म्हणते का टोमणा मारते ते कळत नाही.

अन दुसरं, ३-४ गेल्या, ५ गेली, ७ गेली. १-२ ची जोडी बरी आहे, पण ६ अन ८ एकट्या उरल्या. त्यांची जोडी लावू का?

सोल्डरकाका

कापसाच्या खोलीत बॅटरी? अहो भाऊ!! एक ठिणगी आणि भावाची वाट बघायची गरजच संपेल. कापूस, डिझेल, औषधाचे डबे, तिन्हीपासून लांब. जुन्या मातीच्या भिंतींचं घर असेल तर माजघरासारखी आतली खोली उन्हाळ्यात सगळ्यात थंड असते, तिथे खाली फरशीवर. कोठी चालेल पण झाकण घट्ट लावू नका, गॅस झाला तर त्याला बाहेर पडायला वाट पाहिजे, नाहीतर कोठीचाच बॉम्ब. नुसतं वर टेकवून ठेवा, आत टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी टोपणं घाला, शेजारी कोरड्या वाळूची बादली. आणि पेटलीच तर वाळूवर विसंबून आत उभे राहू नका, धूर विषारी असतो, माणसं बाहेर काढायची. फ्रिज टोमणाच समजा, बाहेर काढली की दव धरते.

६ आणि ८ ची जोडी लागू शकते, पण दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या असतील तर. चार्जरवर इंटर्नल रेझिस्टन्स, म्हणजे सेलच्या आतला करंटला होणारा अडथळा, दिसतो, जितका कमी तितकं बरं, तो मिलीओहममध्ये सेलवार लिहून इथे टाका. दोन्ही एकाच तापमानाला असताना मोजा, एक उन्हातली आणि एक सावलीतली असं नको, थंड बॅटरी जास्त दाखवते.

मेलेल्या चार बाहेर मोकळ्यावर नेऊन त्याच बल्बनं पूर्ण शून्यावर उतरवा, मग टोकांवर टेप. मिठाच्या पाण्यात टाका असं कोणी सांगेल, त्यात आधी कनेक्टर गंजून जातो आणि आत करंट तसाच राहतो. ७ नंबरच्या जवळ बसू नका, लांबून बघा. आणि भंगारवाल्याला देऊ नका, तो हातोडा मारतो. २०२२ च्या बॅटरी वेस्ट रूल्सप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर आहे, तेव्हा विकणाऱ्याला म्हणावं आता तुम्हीच माणूस पाठवा न्यायला.

वावरवाला_यवतमाळ

मोजल्या काका. ६ चे सगळे सेल १.१ ते १.३. ८ चे पाच सेल १.२ ते १.४ अन एक २.७.

सोल्डरकाका

तो २.७ वाला सेल पुढच्या भरल्या टाकीला हात वर करणार. ८ पण बाजूला काढा, वाईट वाटतंय मला पण.

मराठवाडा_स्प्रे

माझ्या फुगीर दोन जोड्या मोजल्या आत्ता. काही बोलत नाही. काका, बल्ब २४ चाच ना, १२ चा नको?

सोल्डरकाका

२४ चाच. १२ चा लावलात तर लगेच फुटेल.

वावरवाला_यवतमाळ

म्हणजे आठातल्या तीन उरल्या. विकणाऱ्याला फोन केला, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो म्हणे, बघू. १, २ अन ६ माजघरात नेल्या, ३.८४ वर आहेत. एक नवी जोडी घेतो तूर्तास, जास्त नाही. वहीपण आणली ताई, पोरीची उरलेली होती.

३ नंबर सकाळपासून लावली आहे अंगणात लिंबाखाली, ट्रकचा बल्ब जळून राहिला. मायी माय तीनदा येऊन विचारून गेली, भर दुपारी दिवा कायले लावला रे.